गाडी गरम झाल्यावर

गोंदियाच्या जयस्तंभ चौकात गाडी पुन्हा बंद पडली. सिग्नल लाल होता, रीनानं वेग कमी करत ब्रेक दाबला, आणि चाकं पुरती थांबायच्या आधीच इंजिनाचा आवाज पायाखालून कुणी ओढून घ्यावा तसा गेला. आधी थरथर आली, स्टिअरिंगमधून मनगटापर्यंत, ताप चढायच्या आधी अंगात येते तशी. मग काहीच नाही. तिनं किल्ली फिरवली. स्टार्टर नुसता खाकरत राहिला. सिग्नल हिरवा झाला आणि मागचे सगळे हॉर्न एकदम सुटले. एका मोटरसायकलवाल्यानं काचेवर बोटानं टकटक केलं. "मॅडम, क्लच! क्लच दबाओ!" त्याच्या मागे बसलेली बाई हसली, वाईट हेतूनं नाही, एक बाई दुसऱ्या बाईला सांभाळून घेते तशी. रीनाचा पाय क्लचवरच होता, पार तळाला टेकलेला, इतका घट्ट की पोटरीत गोळा यायला लागला होता. काच खाली करून तो पाय त्याला दाखवावा असं तिला वाटलं. पण तो गेलाही होता. त्याच्यासारखे सगळेच सांगून पुढे निघून जात. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली, काही झालंच नव्हतं अशी, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

गाडी जुनी होती, चंदेरी रंगाची, दारांच्या कडांना गंज धरलेली. लग्नाच्या आधी तिनं ती तिरोड्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. देवरीच्या ग्रामीण रुग्णालयात ती लॅब टेक्निशियन होती आणि गोंदियाहून रोज जाऊन येऊन करत होती. बसनं गेलं तर सकाळचा पहिला तास हुकायचा आणि परतताना अंधार व्हायचा. आमगाव सोडलं की पुढे जंगल लागायचं, रस्ता वळणावळणाचा व्हायचा, आणि त्या रस्त्यावर तिचं डोकं जेवढं मोकळं असायचं तेवढं घरात नसायचं आणि लॅबमध्येही नसायचं. आता तोच रस्ता ती कान लावून काढत होती. सकाळी थंड इंजिन सुरू करताना डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायचा, क्षणभरच. मग तासभर गाडी ठीक चालायची. इंजिन चांगलं तापलं आणि वेग कमी केला की मात्र तिचा श्वास अडकायचा. मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. अश्विन, तिचा नवरा, रविवारी गाडी कैलाशच्या गॅरेजात नेऊन आणायचा, दिवा गेलेला असायचा. काही दिवसांनी पुन्हा लागायचा. कैलाशनं प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, पेट्रोलात पाणी असेल म्हणाला. ती स्वतः गेली तेव्हा त्यानं गाडी गल्लीतून एक चक्कर फिरवून आणली आणि बोनेटवर थाप मारली. "गाडी मक्खन आहे, मॅडम. तुमी जरा एक्सलेटर देत जा थांबताना." आमगावच्या दुसऱ्या एका मिस्त्रीनं तर बोनेटही उघडलं नाही. बॅटरी, म्हणाला. थंड गाडी कुणापाशीच बंद पडत नव्हती. ती फक्त तिच्यापाशी बंद पडत होती.

त्या संध्याकाळी तिनं चौकातली गोष्ट घरी सांगितली तेव्हा अश्विन कुकर लावत होता. तो सिंचन खात्यात कारकून होता, आईसाठी चारलाच निघून घरी यायचा, भात टाकायचा, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायचा. कुणालाही सांगावं असा नवरा होता. "बघू," तो म्हणाला. "रविवारी दाखवू." आणि मग, शिट्टी बसवता बसवता, "तू लय थकून राहिली आजकाल. झोप नाई होत ना तुझी?" तिला कळेना या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध. पण संबंध होता, तो त्याच्या आवाजातच होता, मऊ, काळजीचा, आणि त्या मऊपणावर कुठे बोट ठेवावं ते तिला सापडत नव्हतं. बघू. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या तोंडून तिनं नाही असा शब्द ऐकला नव्हता. रेलटोली मोहल्ल्यातलं एक घर तिला आठवलं, वर गच्ची होती, गच्चीवरून रुळांपलीकडची झाडं दिसायची. तिला ते भाड्यानं घ्यायचंच होतं. बघू, तो म्हणाला होता. घरमालकाला फोन करतो म्हणाला होता. ती रोज गच्चीवर कुंड्या कुठे ठेवायच्या ते ठरवत होती, आणि एक दिवस त्या घरात दुसऱ्यांचा पलंग चढताना दिसला. भांडण झालं नाही. कशावर करणार? त्यानं कुठे नाही म्हटलं होतं? खोलीत कोपऱ्यात ठेवलेलं फळ सडावं तशा तिच्या गोष्टी त्याच्या बघूमध्ये हळूहळू मऊ होत गेल्या होत्या, आणि फेकायची वेळ आली की तोच म्हणायचा, अरेरे, राहूनच गेलं ना हे.

सासूबाई, सुमनबाई, खाटेवरून म्हणाल्या, "मोटारीले का झालं बाई? तो कैलाश तं चांगला मिस्त्री आहे." "गाडी बंद पडते, आई." "तुयापाशीच काऊन पडते मंग?" त्यांनी सहज विचारलं होतं. रीना आत गेली, पंख्याखाली उभी राहिली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. खरंच, माझ्यापाशीच का? आपण ब्रेक दाबताना काही वेगळं करतो का? सकाळचे खडे खरंच वाजतात की आपण आधीच कान टवकारून बसतो म्हणून वाजतात? दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवताना तिनं मुद्दाम लक्ष दुसरीकडे ठेवलं, फाटकाबाहेरून शाळेत निघालेल्या शेजारच्या खुशीच्या केसांच्या रिबिनीकडे, आणि खडे वाजले. तरी खात्री वाटेना. कुणी मानत नाही म्हटल्यावर माणूस आधी स्वतःचेच कान तपासतो. हे तिला ठाऊक होतं. हे तिनं फार लहानपणी पाहिलं होतं, सालेकशाजवळच्या गावात, तिच्या धाकट्या भावाला, राजदीपला. त्याचे हातपाय दुखायचे. थंडीत, धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं राहिल्यावर, कधी उगाच. तो रात्र रात्र भिंतीला पाय लावून पडायचा. नाटकी आहे, शाळा चुकवायले करते, सगळे म्हणायचे. गुरुजी म्हणायचे, काका म्हणायचा, शेवटी आईही म्हणायला लागली. आणि एक दिवस राजदीपनं तिला हळूच विचारलं होतं, "ताई, मी खरंच नाटक करतो का?" ती काही बोलली नव्हती, कारण तिलाही माहीत नव्हतं. पुढे नागपूरला शिकताना तिनं पहिल्यांदा सिकलसेलची, राजदीपच्याच रक्ताच्या आजाराची, स्लाइड पाहिली, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी, काचेखाली स्पष्ट. तिला वाटलं, सगळ्या गावाला धरून आणावं, एकेकाची मान धरून डोळा त्या भिंगाला लावावा. बघा. बघा म्हणते ना. राजदीप आता नागपुरात नोकरीला आहे, औषध घेतो, बरा आहे, त्या दिवसांबद्दल बोलत नाही. ती मात्र रोज देवरीला जाऊन बोटं टोचते, पोरांची, गरोदर बायांची, आणि कुणाची आई "हे नाटक करते जी" म्हणाली की तिच्या हातातली सुई थांबते.

मग देवरीच्या रस्त्यावरची ती दुपार आली. लॅबमधल्या परिचर सुलोचनाबाई तिच्याबरोबर होत्या. त्यांना आमगावला उतरायचं होतं. ऊन रटरटत होतं, गाडीतला एसी तिनं इंजिनाला भार नको म्हणून बंद ठेवला होता, काचांमधून मोहाच्या फुलांचा आंबूस वास आत येत होता. एका वळणावर गुरं आडवी आली. तिनं वेग कमी केला, थरथर मनगटात चढली, तिनं एक्सलेटर दिला, सगळे सांगतात तसा, आणि तरी इंजिन गेलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी वळणाच्या मधोमध, अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला. मागून ट्रकचा हॉर्न आला तो संपेचना, तो नुसता मोठा होत गेला, आणि आरशात तिला फक्त ट्रकच्या पुढची जाळी दिसत होती. ट्रक घासून गेला. उजवीकडचा आरसा मोडून लटकला. गाडी हलली, तिच्यामुळे नाही, वाऱ्यानं. गुरं एकमेकांना ढकलत रानात शिरली. ट्रक थांबला नाही. सुलोचनाबाईंनी तिचा दंड पकडला होता, तो सोडायला त्यांना वेळ लागला. "ताई," त्या म्हणाल्या, "तुमचा एक पाय तं क्लचवर होता न दुसरा एक्सलेटरवर. मी पायली." बस, एवढंच. त्या दोघींनी मिळून गाडी कडेला ढकलली. सुलोचनाबाईंचं लुगडं धुळीनं भरलं. कुणीतरी पाहिलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

घरी आरसा बघून अश्विनचा चेहरा उतरला. खरोखर उतरला, तिनं पाहिलं. तो बाहेर जाऊन त्या मोडक्या आरशाला हात लावून उभा राहिला. परत आला तेव्हा तिच्यासाठी पाणी घेऊन आला. "गोंदियाले बदली मागून पाहायची का तुझी?" तो म्हणाला. "या गाडीचा काही भरोसा नाई." "गाडी नीट करू ना," ती म्हणाली. "गाडी नीट होते. वस्तू आहे ती." तो रिकामा पेला उचलून ओट्याकडे वळला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. या माणसाला आपली काळजी आहे, आणि तरी याच्याजवळ उभं राहिलं की भिंतीशी बोलल्यासारखं का होतं? तिला वाटलं, आपणच वाईट. मग तिला राजदीपचा तो प्रश्न आठवला आणि ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि गाडी घेऊन एकटीच निघाली, आमगावपर्यंत जाऊन आली, इंजिन तापू दिलं, आणि तशीच कैलाशच्या गॅरेजासमोर आणून, इंजिन बंद न करता, डावीकडचं दार आतून उघडलं. "बसा, कैलाशभाऊ."

"काऊन? का झालं?" कैलाशचे हात ग्रीसनं काळे होते. दुसरी एक गाडी जॅकवर चढवलेली होती.

"बसा तुम्ही."

"मॅडम, अर्जंट काम आहे हे. संध्याकाळी सोडून जा ना गाडी, मी पाहतो."

"संध्याकाळी थंड होते. आत्ता बसा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो हात फडक्याला पुसत बसला. ती त्याला घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागली, जिथे पावलापावलाला थांबावं लागतं. तो बोलत होता, पेट्रोलबद्दल, आजकालच्या ऑइलबद्दल. ती बोलत नव्हती. एकदा थांबली, गाडी चालू राहिली. दुसऱ्यांदा थांबली, चालू. कैलाशनं तिच्याकडे बघितलं आणि बाहेर बघितलं. तिला घाम फुटला. आज ही बंद पडणार नाही, आज हिला शहाणपण सुचणार. आपण गाडी बंद पडावी म्हणून जीव मुठीत धरून बसलोय याचं तिला हसू आलं आणि रडूही. पुढे भाजीवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता अडला होता. तिनं ब्रेक दाबला. थरथर आली. "हं," ती म्हणाली. इंजिन गेलं.

हॉर्न सुरू झाले. कैलाशचा हात आपोआप किल्लीकडे आला. तिनं तो हातानं अडवला.

"थांबा. माझा पाय पाहा."

"मॅडम, मागं गाड्या—"

"पाय पाहा माझा!"

त्यानं वाकून पाहिलं. मागून कुणीतरी शिवी दिली. भाजीवाली टोमॅटोच्या ढिगामागून उभी राहून बघत होती. रीनाला कशाचीच लाज वाटली नाही. कैलाश बराच वेळ वाकलेला राहिला, मग सरळ झाला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "चला गॅरेजात. गरमच घेऊ."

गॅरेजात त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन लावली आणि इंजिन सुरू केलं. ती बाजूला उभी राहिली, स्टूल दिलं तरी बसली नाही. तो स्क्रीन तिच्याकडे वळवून सांगू लागला, आता सांगण्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हवा आत घेणारे वॉल्व्ह कधी उघडायचे ते या इंजिनात ठरलेलं नसतं, गाडी पळते तेव्हा ते लवकर उघडतात, उभी असते तेव्हा मूळ जागी परत येतात. हे काम ऑइलच्या दाबानं होतं, आणि ते ऑइल सोडायला-अडवायला एक लहानसा कंट्रोल वॉल्व्ह असतो. "हे पाहा, गाडी उभी आहे, अँगल शून्यावर याले पायजे. येऊनच नाई राहिला." आकडा तिथेच अडून होता, इंजिन थरथरत होतं. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरची मूठ इंजिनाच्या वरच्या भागावर कुठेतरी हळू ठोकली, आणि आकडा पडला. थरथर थांबली. इतकं साधं. तिला त्या आकड्याकडे बघवेना आणि नजर हटवताही येईना. नंतर इंजिन थोडं निवल्यावर त्यानं तो वॉल्व्ह काढला, बोटाएवढा, काळाकुट्ट चिकटलेला, आणि त्याच्या मागची नखाएवढी जाळी चिमट्यानं ओढून तिच्या तळहातावर ठेवली. जाळीची छिद्रं बुजलेली होती, काजळीनं आणि लाल रबरासारख्या तुकड्यांनी. "कोणीतरी आधी इंजिन खोललं होतं, जोडाले लाल पेस्ट लय लावली. तेच तुटून तुटून येते. गरम ऑइल पातळ, दाब कमी, वॉल्व्ह अडकला की अडकला." सकाळच्या खड्यांचंही तेच, तो म्हणाला, रात्री ऑइल उतरून जातं, सकाळी दाब यायला वेळ लागतो. नवीन वॉल्व्ह नागपूरहून मागवू, जाळी धुऊ, ऑइल बरोबर नंबरचं टाकू, इंजिनातली चेन पण पाहून घेऊ. तिच्या तळहातावर जाळी अजून कोमट होती.

"मग आधी का नाही पाहिलं हे तुम्ही?" तिनं विचारलं. आवाज चढवला नव्हता.

कैलाश फडकं शोधायला लागला. "अश्विनभाऊले तं मी पहिलेच सांगितलो होतो. पहिल्याच बारीले मशीनवर बिघाडाचा कोड हाच आला होता. वॉल्व्ह खोलून पाहा लागते म्हटलो. भाऊ म्हणे राहू दे, दिवा तेवढा बुजवून दे." तो थांबला. "मॅडमले टेन्शन नको देऊ म्हणे. मले वाटलं गाडी विकून राहिले असाल. मले का मालूम, रस्त्यात एवढं..." बाहेर कुणीतरी हवा भरायला आलं होतं, कंप्रेसर सुरू झाला, आणि त्याचं पुढचं बोलणं त्या आवाजात बुडून गेलं. रीना उभीच होती. तिला राग आला नाही, निदान लगेच नाही. आधी सुटल्यासारखं झालं, आपले कान खरे होते. त्याच्या मागून, हळूहळू, ऑइल चढावं तसं दुसरं काहीतरी चढत गेलं. इतके रविवार. इतकी मऊ वाक्यं. थकून राहिली तू. झोप नाई होत ना.

गाडी दोन-तीन दिवस गॅरेजातच राहिली. ती बसनं गेली-आली, उशिरा घरी पोचली, जेवली, झोपली. बोलली नाही. तिला आधी गाडी हवी होती. गाडी मिळाली त्या संध्याकाळी तिनं ती तापेपर्यंत गावाबाहेर फिरवली, मुद्दाम थांबवली, पुन्हा पुन्हा, आणि इंजिन प्रत्येक वेळी खाली येऊन संथ चालत राहिलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. जबडा मात्र तसाच आवळलेला राहिला. घरी आली तेव्हा अश्विन तांदूळ निवडत होता. ती समोर बसली.

"कैलाशनं तुम्हाले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

त्याची बोटं ताटात थांबली. नाकारलं नाही त्यानं. ते त्याच्यात नव्हतंच. "तो म्हणे चालते गाडी," तो म्हणाला. "काही होत नाई म्हणे."

"आणि मी म्हणून राहिली होती, ते?"

आतल्या खोलीत सुमनबाईंची खाट करकरली. "मले वाटलं तू कंटाळशील," तो ताटाकडे बघत म्हणाला. "कंटाळली का स्वतःच बदली घेशील. ट्रकचं मले... तो आरसा पाहिला तेव्हा मले रात्रभर झोप नाई लागली, रीना."

"तरी नाही सांगितलं."

"तुले थांब म्हटलो असतो, तं थांबली असती का तू?"

"नाही."

"मंग?" त्यानं वर पाहिलं. त्या डोळ्यांत कपट नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं की मग माणसानं दुसरं काय करायचं असतं. आणि हेच तिला असह्य झालं. त्यानं थांब म्हटलं असतं तर ती भांडली असती, हरली असती किंवा जिंकली असती, समोर कोणीतरी असलं असतं. त्यानं तिच्या हातून भांडणच काढून घेतलं होतं आणि तिला एकटीला रस्त्याच्या मधोमध सोडलं होतं, स्वतःच्याच पायाकडे संशयानं बघत. "मग म्हणायचं," ती म्हणाली. "तोंडानं म्हणायचं. थांब म्हणा, मी नाही म्हणेन. पण मले वेडी नका करू." तांदळातला एक खडा उचलून त्यानं तो किती तरी वेळ चिमटीत धरून ठेवला.

सकाळी तिनं डबा घेतला, पोर्चमध्ये गाडी सुरू केली. मागे बघितलं तर फाटक बंद होतं आणि अश्विन फाटकासमोर उभा होता, बनियनवर, पायात चप्पल नव्हती. तिनं काच खाली केली. "सरका ना. उशीर होऊन राहिला."

त्याचे ओठ हलले. आवाज दुसऱ्या खेपेला आला. "नको जाऊ."

"का?"

"आईचं माझ्यानं होत नाई. एकट्यानं होत नाई माझ्यानं. तू सकाळी जाते, अंधार पडता पडता येते, मी... नको जाऊ देवरीले. नाई जायचं."

नाई. त्याच्या तोंडून तो शब्द इतका वेडावाकडा निघाला की तोच दचकला. रीना दार उघडून उतरली. "जाईन मी," ती म्हणाली, "आईसाठी बाई लावू, मी पहाटे उठून करीन, पण जाईन." "बाई आईले चालत नाई!" "आईले विचारलं का तुम्ही?" "तू विचारली का?" आणि मग ते दोघे फाटकाशी उभे राहून भांडले, मोठ्यानं, रेलटोलीच्या घरापासून कालच्या तांदळापर्यंत, एकमेकांचं वाक्य पुरं होऊ न देता. शेजारची खुशी दप्तर पाठीला लावून बघत राहिली, तिच्या आईनं तिला आत ओढलं. सुमनबाई भिंत धरत धरत दारापर्यंत आल्या आणि ओरडल्या, "मले कायले मधात घेता रे? मले कोणी विचारलं का, मले कोण पायजे ते?" अश्विननं कानशिलं धरली, मग वळून फाटक उघडलं, इतक्या जोरात की ते भिंतीवर आपटलं. तो तिच्याकडे न बघता आत निघून गेला. संताप त्याच्या पाठीत दिसत होता, ताठ, उघडा. त्या पाठीकडे बघताना तिचाही राग उसळतच होता, पण या वेळी तो कुठे फेकायचा ते तिला ठाऊक होतं.

देवरीला ती उशिरा पोचली. लॅबबाहेर बाकावर रांग होती. तिनं पहिलं नाव पुकारायला तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा आली.

सुलोचनाबाई जवळ आल्या. "आवाजाले का झालं, ताई?"

"भांडली," रीना कशीबशी म्हणाली.

"कोनासंग?"

"नवऱ्याशी."

सुलोचनाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मंग? मिटलं का?"

रीनानं हातमोजे चढवले. "मिटते कायचं," ती म्हणाली. "अर्धंच झालं. बाकीचं सांजेला."